मुखेडचे पान गेले कुठे?

हैदराबादच्या सुलतान बाजारात मेट्रोच्या पुलाखाली उभे राहिले की एका नजरेत चार लिप्या दिसतात. वर तेलुगू, तिच्या शेजारी इंग्रजी, कोपऱ्यात उर्दू आणि एखाद्या जुन्या दुकानाच्या कपाळावर रंग उडालेली देवनागरी. सीमेवरच्या माणसाला ही गर्दी परकी वाटत नाही. देगलूर, उदगीर, भालकी, औराद इकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या बाजारात कापड घ्यायला, पुस्तके घ्यायला आणि शिकायला येत आली आहेत. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, गावे तीन राज्यांत विभागली गेली. पण जुने दफ्तर बरेचसे इथेच राहिले.

या दफ्तराची आठवण गेल्या दोन-तीन वर्षांत पुन्हा सगळ्यांना झाली आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मराठवाड्यातल्या घराघरांत आजोबा-पणजोबांचे कागद शोधले जात आहेत. आमच्या ओळखीचे मुखेडचे एक गृहस्थ असेच निघाले. त्यांचे आजोबा लहानपणी हैदराबादला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकले होते, एवढी माहिती घरात होती. सोबतीला म्हणून मी गेलो.

सुलतान बाजारातल्या एका माडीवर जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी जपणारी एक छोटी मंडळी आहे. तिचे नाव इथे देत नाही, कारण दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. कागदी रजिस्टरांवरून कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी सगळी नावे एक्सेलमध्ये चढवून ठेवली आहेत. पहिल्या पानावर गावांची यादी, आणि प्रत्येक गावाचे एक स्वतंत्र पान, म्हणजे शीट. यादीतल्या गावावर माऊसने टिचकी मारली की त्या गावाचे पान उघडते. व्यवस्था चांगली होती.

संगणकावर बसलेल्या मुलीने देगलूर दाबले, पान उघडले. उदगीर दाबले, उघडले. मुखेड दाबले, तर संदर्भ चुकीचा असल्याची इंग्रजी पाटी आली. तिने दोनदा करून पाहिले आणि म्हणाली, “काका, मुखेडची नोंद नाही. मुखेडचे कोणी नव्हतेच वाटतं.”

आमचे गृहस्थ उठू लागले. सीमाभागातला माणूस ‘नोंद नाही’ हे वाक्य ऐकून फारसा वाद घालत नाही. सवय झालेली असते. पण कोपऱ्यात एक वयोवृद्ध काका वर्तमानपत्र वाचत बसले होते, ते म्हणाले, “थांबा हो. मुखेडची पोरं माझ्या वर्गात होती. दफ्तर काढा.” कपाटातून लाल कापडात बांधलेले रजिस्टर निघाले, आणि चहा येईपर्यंत आजोबांचे नाव सापडले. वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेले गाव, मुखेड.

मग संगणकात ते का नव्हते?

होते. तेही त्याच दुपारी सापडले. फाइलच्या तळाशी उजवीकडे सरकत गेल्यावर काही पाने निघाली, ज्यांना नावच नव्हते. नुसते ‘शीट’ आणि पुढे आकडा. त्यातल्या एका पानावर मुखेडचे सगळे विद्यार्थी ओळीने बसलेले होते. दुसऱ्यावर कंधारचे. तिसऱ्यावर धर्माबादचे. मग खानापूर, मग शहापूर. नोंद करणाऱ्याने कोणालाही गाळले नव्हते. संगणकाने या गावांची नावे तेवढी घेतली नव्हती, आणि नावाशिवाय पान कोण उघडून बघणार?

देगलूर चालते, बिलोली चालते, नांदेड, भालकी, औराद, उदगीर, किनवट सगळे चालतात. मुखेड, कंधार, धर्माबाद, खानापूर, शहापूर मात्र चालत नाहीत. असा भेद कोणत्या शहाण्याने केला असेल? माझ्यासारख्या माणसाच्या मनात पहिल्यांदा जे यायचे तेच आले. पण प्रकरण वेगळे होते, आणि वाचकांनी ते समजून घेण्यासारखे आहे. कारण आज प्रत्येक ग्रामपंचायतीत, पतपेढीत आणि शाळेत याद्या याच तक्त्यांत ठेवल्या जातात.

सात चिन्हांना बंदी

एक्सेलमध्ये १९९३ च्या पाचव्या आवृत्तीपासून एका फाइलीत अनेक पाने आणि तळाशी त्यांच्या नावांची पट्टी अशी सोय आली. पानाला नाव काहीही देता येते, पण सात चिन्हे त्यात चालत नाहीत. तिरकी रेघ (/), उलटी तिरकी रेघ (\), अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह (?), तारका (*) आणि दोन्ही चौकटी कंस ([ आणि ]). शिवाय एकेरी अवतरणचिन्ह नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. एका फाइलीत दोन पानांना एकच नाव देता येत नाही. नाव रिकामे ठेवता येत नाही आणि ३१ खणांपेक्षा मोठे असू शकत नाही. एक इंग्रजी शब्दही राखीव आहे, ‘हिस्टरी’. एका फाइलीत अनेकांनी केलेले बदल नोंदवण्यासाठी यंत्र स्वतःच त्या नावाचे पान तयार करीत असे, म्हणून.

ही बंदी कोणा भाषेविरुद्ध नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावरची रक्कम उचलायची तर सूत्रात, म्हणजे फॉर्म्युल्यात, त्या पानाचे नाव लिहावे लागते. चौकटी कंसात फाइलीचे नाव येते, अपूर्णविराम ‘इथपासून तिथपर्यंत’ सांगतो, तिरक्या रेघांनी फाइल कोणत्या कप्प्यात आहे ते कळते, तारका आणि प्रश्नचिन्ह शोधताना ‘कोणतेही अक्षर’ म्हणून वापरतात, आणि एकेरी अवतरणात पानाचे नाव गुंडाळतात. हीच चिन्हे नावात आली तर नाव कुठे संपले आणि हुकूम कुठे सुरू झाला, हे यंत्राला कळणार नाही.

ते खरे. पण ‘मुखेड’ या शब्दात यातले कोणते चिन्ह आहे?

वेष पालटलेली अक्षरे

ज्यांनी १९९० च्या दशकात मराठी टंकलेखन केले त्यांना उत्तर लगेच कळेल. त्या काळी संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली: इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवले. पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटात इंग्रजीच असे. नाटकातल्या पात्राने शालू नेसावा, पण हजेरीपटावर त्याचे मूळ नावच असावे, तसे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे कितीतरी फॉन्ट होते, आणि प्रत्येकाची वाटणी निराळी.

या मंडळींची फाइल कृतिदेवात होती. जुन्या टंकयंत्राच्या मांडणीवरचा हा फॉन्ट हिंदीत घरोघरी पोचला आणि मराठीतही पुष्कळ चालला. त्यात इंग्रजीची सव्वीस लहान-मोठी अक्षरे देवनागरीला पुरली नाहीत, म्हणून विरामचिन्हांच्या जागाही वापरल्या. आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. कृतिदेवात ‘ख’ हे अक्षर डाव्या चौकटी कंसाने सुरू होते. ‘ध’ तिरक्या रेघेने. ‘घ’ प्रश्नचिन्हाने. ‘श’ एकेरी अवतरणचिन्हाने. ‘रू’ तर सरळ अपूर्णविराम आहे.

आता गावे पाहा. मुखेड आणि खानापूर यांत ख आहे, म्हणजे यंत्राच्या लेखी चौकटी कंस. कंधार आणि धर्माबाद यांत ध, म्हणजे तिरकी रेघ. शहापूरची सुरुवातच श ने, म्हणजे नावाच्या तोंडाशी अवतरणचिन्ह. गावे आपोआप वेगळी पडली ती अशी. बेळगावकडच्या मित्रांनी हाच प्रयोग केला तर बेळगाव आणि निपाणी पास होतील. त्यांचे खानापूर, त्यांचे शहापूर आणि घटप्रभा नापास. एका पानाला ‘शाळा’ असे नाव देता येत नव्हते, ‘खर्च’ असे देता येत नव्हते, ‘घर’ आणि ‘धान्य’ही नाही. म्हणजे एखाद्या कुटुंबाचा जमाखर्च मांडायचा तर ‘जमा’चे पान होईल आणि ‘खर्चा’चे होणार नाही. (अशी सोय प्रत्यक्षात असती तर फार बरे झाले असते.)

एकेक पान हाताने केले असते तर पहिल्याच वेळी यंत्राने अडवले असते आणि माणूस सावध झाला असता. पण पाने करायला एक छोटा मॅक्रो लिहिलेला होता. मॅक्रो म्हणजे यंत्राला एकदाच शिकवलेली कामांची साखळी: यादीतले गाव घे, नवे पान कर, त्याला गावाचे नाव दे, नोंदी त्यात टाक, पुढच्या गावाकडे जा. आणि लिहिणाऱ्याने त्याला आणखी एक हुकूम दिला होता: चूक आली तरी थांबू नको, पुढे चालू लाग. मुखेडला नवे पान झाले, नाव देताना चूक आली, यंत्र गप्प बसले, नोंदी बेनाव पानावर टाकून ते पुढे गेले. नाव नाकारल्याची तक्रार कुठेही उमटली नाही. फॉन्टची लबाडी त्या काळची गरज होती, तिला मी दोष देत नाही. पण ‘चूक आली तरी गप्प राहा’ हा हुकूम कोणत्याही दफ्तरात गुन्हाच समजला पाहिजे.

इथे सुलतान बाजाराची थोडी हकिगत सांगायला हवी. हा मुळात रेसिडेन्सी बाजार. शेजारच्या कोठीत इंग्रज रेसिडेंट राहात असे आणि एवढ्या भागावर त्याचा अंमल होता; रस्ता ओलांडला की निजामाचा मुलूख. १९३३ साली हा भाग निजामाला परत मिळाला तेव्हा त्याला सुलतान बाजार हे नाव आले. हद्दीतल्या मोकळ्या वाऱ्याचा फायदा भाषांना झाला. तेलुगू भाषकांनी १९०१ साली स्थापन केलेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय याच बाजारात आहे. जवळच जामबागेत विवेक वर्धिनी, जिच्या उभारणीत केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांची नावे घेतली जातात. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरले, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. सरकारी कारभार उर्दूत चालत असताना लोकांनी आपापल्या भाषेची रजिस्टरे स्वतः लिहून ठेवली. म्हणूनच काकांच्या कपाटात मुखेड सापडले.

जर्मनीहून आलेली मदत

मंडळींपैकी एकीचा नातू जर्मनीत नोकरीला आहे. त्याला फोन गेला. त्याने आधी जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून घ्यायला सांगितले. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज २००० पासून ती घरच्या संगणकावर नीट वापरता येऊ लागली. युनिकोडात ख हा ख च असतो, त्याच्या पोटात कंस नसतो. फॉन्ट बदलणारी साधने मिळतात, पण ज्या फॉन्टात लिहिले त्याच फॉन्टाचे साधन लागते, आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालावेच लागते.

मग त्याने नवा मॅक्रो लिहून पाठवला. तो सुलतान बाजारात पहिल्याच ओळीला अडला. कारण मजेशीर आहे. इंग्रजी एक्सेलमध्ये नव्या पानाला आपोआप ‘शीट १’ नाव मिळते. जर्मन एक्सेलमध्ये ‘टाबेले १’. फ्रेंचमध्ये ‘फय’, स्पॅनिशमध्ये ‘ओहा’, इटालियनमध्ये ‘फोल्यो’, डचमध्ये ‘ब्लाड’. मुलाने आपल्या यंत्रावर ‘टाबेले १’ मधून यादी उचल असे लिहिले होते, आणि इथे त्या नावाचे पानच नव्हते. बेरजेचा फॉर्म्युला जर्मनीत जर्मन नावाने लिहितात आणि फाइल इथे उघडली की तो आपोआप इंग्रजी होतो, कारण यंत्र आतून त्याला क्रमांकाने ओळखते. पानाच्या नावाचे तसे होत नाही. ते विशेषनाम आहे. ज्याने ठेवले तसेच राहते. हे योग्यच. उद्या यंत्र भालकीचे भाषांतर करू लागले तर काय घ्या?

त्याने दुरुस्ती केली: पान नावाने न बोलावता क्रमांकाने बोलावले, म्हणजे ‘पहिले पान’. ज्यांच्या फाइली दोन देशांत किंवा दोन भाषांच्या संगणकांत फिरतात त्यांनी ही सवय लावून घ्यावी. नाहीतर फाइल तयार झाल्याबरोबर यंत्राने दिलेले नाव पुसून आपले स्वतःचे द्यावे.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागणारी होती. त्याने मॅक्रोत एका ठिकाणी पानाचे नाव थेट मराठीत लिहायचा प्रयत्न केला. मॅक्रो लिहायची खिडकी जुन्या पठडीची आहे, ती आजही युनिकोड नीट घेत नाही. तिथे देवनागरी टाकली की प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. आणि प्रश्नचिन्ह तर पानाच्या नावात निषिद्ध! म्हणजे आधी आपल्या अक्षरांची प्रश्नचिन्हे करायची आणि मग प्रश्नचिन्हे चालत नाहीत म्हणून नाव नाकारायचे.

याचे मूळ असे. युनिकोडच्या आधी विंडोजमध्ये लिपींच्या एकेका गटासाठी २५६ जागांची एकेक पाटी होती. रशियन वगैरेंची १२५१, अरबीची १२५६, थाईची ८७४. यंत्राची मुख्य पाटी म्हणून निवडता येईल अशी पाटी देवनागरीला मिळालीच नाही. तेलुगू, कन्नड, तमिळ यांनाही नाही. उर्दूची खास अक्षरे मात्र १२५६ मध्ये बसवलेली होती. सुलतान बाजारात शेजारी-शेजारी बसणाऱ्या भाषांपैकी इंग्रजी आणि उर्दू या खिडकीत लिहिता येतात. मराठी, तेलुगू, कन्नड येत नाहीत. आमचे तेलुगू आणि कन्नड शेजारी या बाबतीत आमच्याच रांगेत उभे आहेत, हे सीमाभागात मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

उपाय सोपा निघाला. मराठी नाव मॅक्रोत लिहायचेच नाही. ते तक्त्यातल्या सेलमध्ये लिहायचे, तिथे युनिकोड बिनतक्रार चालते, आणि मॅक्रोने ते सेलमधून उचलायचे. नाव खिडकीतून गेलेच नाही की प्रश्नचिन्हही होत नाही.

सातबारा आणि शाळेचा खाना

युनिकोड आले म्हणजे सगळे सुटले असे नाही. आपल्या भाषेच्या स्वतःच्या काही सवयी या बंदीत अडकतात.

पहिली तिरकी रेघ. आपल्या कारभारात तिचे केवढे प्रस्थ! गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून होतो तो ७/१२. गट नंबराचे पोटहिस्से तिरक्या रेघेने, जावक क्रमांक तिरक्या रेघांनी, तारीख तिरक्या रेघांनी आणि रुपयांच्या पुढेही शंभर रुपये तिरकी आडवी रेघ. यातले एकही पानाच्या नावात चालत नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा सर्वांत मोलाचा कागद त्याच्या आकड्यांनी पानाचे नाव होऊ शकत नाही. पण लोकांनी त्याला केव्हाच ‘सातबारा’ असा सलग शब्द करून टाकला आहे, तो बेलाशक चालतो. तारखेला आणि पोटहिश्शाला आडवी रेघ वापरावी. काही हुशार मंडळी तिरक्या रेघेसारखे दिसणारे गणितातले दुसरे चिन्ह घुसवतात. तसे करू नये. डोळ्यांना ते सारखे दिसते, पण उद्या कोणी कळफलकावरची तिरकी रेघ मारून शोधील तर पान सापडणार नाही, आणि आपण पुन्हा मुखेडपाशी येऊ.

दुसरा विसर्ग. पुष्कळ जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची कळ दाबतात. छापून आल्यावर ‘स्वत:’ आणि ‘स्वतः’ यांत फरक कोणाला कळत नाही. यंत्राला कळतो. पहिला शब्द पानाच्या नावात नाकारला जातो, दुसरा घेतला जातो.

तिसरा ऱ्य. ‘शेतकऱ्यांची मुले’ या नावातला अर्धा र यंत्रात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या खास र ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दोन कळफलक दोन तऱ्हांनी लिहितात. पडद्यावर काडीचा फरक नाही. पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे, आणि एकाला बोलावले तर दुसरे ओ देत नाही. ‘ॲडमिशन’मधल्या ॲ चेही तसेच आहे. त्याला युनिकोडात स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी अ ला वर चंद्र जोडून लिहीत आणि अजूनही बरेच जण तसेच लिहितात. अशा वेळी नाव पुन्हा टंकू नये, जिथे आहे तिथून उचलून चिकटवावे.

आणि चौथी ३१ खणांची मर्यादा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक खण. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातले हलन्त प्रत्येकी एकेक खण खातात. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो, यंत्र त्याचे सात मोजते. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा खानापूर’ हे नाव घ्या. आपल्या मोजणीने सोळा अक्षरे आणि चार मोकळ्या जागा. यंत्राच्या मोजणीने ३४. तीन खण जास्त. लिहीत गेलात तर ३१ व्या खणाला यंत्र थांबते आणि पट्टीवर उरते ते ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा खाना’. पोषण आहाराचा हिशेब समजून कोणी उघडले तर त्याचा दोष नाही. उपाय म्हणजे गाव आधी लिहावे, ‘खानापूर जि.प. शाळा’, टिंबे चालतात, गोल कंस चालतात. लिब्रऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत ही ३१ ची अट नाही, पण फाइल तहसीलमध्ये पाठवायची असेल तर समोर बहुधा एक्सेलच असते.

मला कोणी म्हणेल, एवढी कटकट करण्यापेक्षा पानांची नावे इंग्रजीत द्या. त्या मंडळींच्या मुलीनेही आधी तेच सुचवले, आणि तिची चूक नव्हती. पण इंग्रजीत खानापूर लिहायची दोन स्पेलिंगे, औरादची तीन, मुखेडची दोन. ळ आणि ल एक होतात, ट आणि त एक होतात. आणि यादी तपासायला ज्यांच्याकडे पाठवायची ती सत्तरी-ऐंशीतली माणसे गावाचे नाव मराठीत वाचणारी. सीमाभागात मराठीतून कागद मिळावेत ही मागणी किती जुनी आहे ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. कर्नाटकात जमिनीचे उतारे संगणकावर आले ते कन्नडात आले. सरकारी कागदावर आपला हक्क चालो न चालो, निदान जी यादी आपण स्वतः करतो तिच्यावर गावाचे नाव गावाच्या अक्षरात असायला कोणाची परवानगी लागत नाही.

नवा मॅक्रो दुसऱ्या दिवशी चालवला. त्यात आता प्रत्येक नाव आधी तपासले जाते. निषिद्ध चिन्ह सापडले तर तिथे आडवी रेघ येते, दुहेरी मोकळ्या जागा एक होतात, ३१ खणांत नाव बसते का ते पाहिले जाते, आणि जे नाव तरीही बसले नाही ते शेवटच्या एका पानावर लाल अक्षरांत लिहिले जाते, म्हणजे माणूस बघेल. गप्प बसण्याचा हुकूम काढून टाकला आहे.

मुखेड बसले. कंधार, धर्माबाद बसले. आमच्या गृहस्थांनी आजोबांच्या रजिस्टरच्या पानाची छायाप्रत घेतली, काकांच्या पाया पडले. आणि मग यंत्र लाल अक्षरांत थांबले ते खानापूर आणि शहापूर या नावांपाशी. नावात आता काहीच निषिद्ध नव्हते. बेनाव पानांवर सगळे एकत्र पडले होते म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते: खानापूर दोन होती, एक देगलूरकडचे आणि एक तेलंगणातले निर्मलजवळचे, शहापूर तीन निघाली, देगलूरचे, बेळगावचे आणि यादगीरकडचे. एका फाइलीत एका नावाची दोन पाने होत नाहीत. गोल कंसात तालुका लिहायचे ठरले.

तेव्हा काकांनी विचारले, कोणता तालुका लिहायचा, मुलगा शाळेत आला तेव्हाचा की आजचा? निर्मल तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली ती वादाची चौदा गावे, जिथे लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत, तिथला एखादा विद्यार्थी निघाला तर त्याच्या कंसात काय लिहायचे? संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून आम्ही उठलो तेव्हा यावर चर्चा चालू होती, आणि लाल रजिस्टर पुन्हा उघडलेले होते.